फक्कीची रेघ

"आणि बाकीची पोरं?"

बाबालाल वस्तादांनी हे विचारलं, तेव्हा हिंदुराव गुरुजी ढाल रुमालानं पुसत होते. धावण्याच्या शर्यतीत तालुक्यात पहिली आलेल्या प्राथमिक शाळेची ढाल. लहानपणी ते याच वस्तादांच्या तालमीत लाल मातीत लोळले होते. आता ही ढाल त्या तालमीच्या भिंतीवर वस्तादांच्या हातानं लागावी, एवढ्यासाठी त्यांनी म्हाताऱ्याला मुद्दाम शाळेच्या मैदानावर आणलं होतं. त्या भिंतीवर भल्याभल्यांना जागा मिळाली नव्हती.

"बाकीची टाळ्या वाजवतात, वस्ताद."

"पळत्यात किती?"

"दोनशेतली अठरा."

वस्तादांनी रिकाम्या मैदानावरून नजर फिरवली.

"शिस्त लागते, वस्ताद. बूट नाही तर मैदान नाही. काच लागली, काटा रुतला, की पालक माझ्याच अंगावर येतात."

"तू तालमीत पयल्यांदा आलास, तवा पायात काय हुतं?"

"काहीच नव्हतं..."

"आमच्यात पायताण भाईर ऱ्हातं," वस्ताद म्हणाले. "तुझ्यात पोर भाईर ऱ्हातंय."

गुरुजी हसले. म्हाताऱ्यांनी टोमणे मारायचे आणि जिंकून आलेल्यानं ते हसून घ्यायचे, ही रीतच आहे. हातात ढाल असली की टोमणाही आशीर्वादासारखा लागतो.

समोर तिसरीतली रेश्मा पांढऱ्या फक्कीचा डबा घेऊन शर्यतीच्या रेघा आखत होती. अनवाणी. रोज प्रार्थनेआधी हे काम तिचंच. बुटानं फक्की फिसकटते, म्हणून गुरुजींनी बिनबुटाचीच पोरं या कामाला लावली होती. या युक्तीचा त्यांना केवढा अभिमान!

"बघा वस्ताद, कुणालाच रिकामं ठेवत नाही मी."

रेघ अगदी सुतात होती. पोरीचे पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते.

वस्ताद उठले. चपला काढून ठेवल्या आणि अनवाणीच रेघेपाशी गेले. गुरुजी मागोमाग.

"ह्या रेघा कशाला गं, बाळ?"

"पळायला, आजोबा. रेघांच्या मधनं पळत्यात."

"कोण?"

"बूटवाली."

"आणि तू? तुला पळता येतं?"

रेश्मानं मैदानाच्या त्या टोकाकडं पाहिलं. मग डब्याकडं. मग गुरुजींकडं.

"थांबा हं... गुरुजींना इचारून सांगते."

पाठ मातीला लागल्यावर अंगातला वारा जातो, तसा हिंदुराव गुरुजींचा गेला. पहिलीत आली तेव्हा हीच पोर फाटकातून धावत आत शिरली होती. त्यांनीच दंडाला धरून थांबवलं होतं. ओरडले नव्हते, प्रेमानंच सांगितलं होतं, "पळू नको बाळ, पायाला लागेल." एवढंच! आणि पोरीनं ते आजवर पाळलं.

"रेश्मा, अगं... मी तुला कधी..."

कधी काय? भीती वाटली त्यांना, आणि ती या चिमुरडीचीच वाटली. ती मान वर करून वाट पाहत होती. आपल्याला पळता येतं की नाही, ते गुरुजी आता सांगतील म्हणून.

वस्तादांनी तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि गुरुजींपुढं धरला. डबा चांगला रुंद होता, एका हातात मावणारा नव्हता. गुरुजींना ढाल खाली ठेवावी लागली. ती नेमकी रेघेवरच टेकली. रेघ मोडली.



वस्ताद चपला घालून फाटकाकडं वळले.

"वस्ताद," गुरुजींनी मागून हाक मारली. "ढाल... भिंतीवर लावाल ना?"

"लावू की," वस्ताद म्हणाले. "आधी तिचं उत्तर घिऊन ये."