विचारेल त्याला हो म्हण

एका गावात एक भोळा माणूस होता. केरू त्याचं नाव. शंकरअप्पांच्या छापखान्यात कामाला होता. सांगितलेलं काम तो करायचा. सांगितलं तेवढंच करायचा. आणि सांगितलं अगदी तसंच करायचा.

छापखान्यात एक कॉम्प्युटर होता. त्याच्यात दोन सिस्टीम होत्या, एक जुनी आणि एक नवी. लग्नपत्रिकेची मराठी अक्षरं फक्त जुनीत नीट उमटायची. नवीत अक्षर एकीकडे जायचं आणि वेलांटी दुसरीकडे. रोज सकाळी चालू केला की कॉम्प्युटर विचारायचा, जुनी की नवी? अप्पा सांगायचे, जुनी. असं बरं चाललं होतं.

त्या वर्षी केरूचं लग्न ठरलं. शेजारच्या गावची वैजंता. त्याला ती आवडली, तिला तो आवडला. राहिली पत्रिका. तिच्यात आधी नाव कुणाचं, मुलीच्या मामांचं की केरूच्या चुलत्यांचं, यावर तीन आठवडे भांडण झालं. शेवटी अप्पा मध्ये पडले. सत्तेचाळीस नावं त्यांनी जुन्या सिस्टीममध्ये अशी बसवली, की कुणालाच आपण खाली बसलोय असं वाटू नये. मामांनी पडद्यावर बोट ठेवून सगळी वाचली. मग ज्यावरून भांडण झालं तो नावांचा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं चुलीत घातला.

"आता यातलं एक नाव जरी वरखाली झालं, तर लग्न मोडलं म्हणून समजा," मामा म्हणाले.

लग्नाला पंधरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी अप्पा तालुक्याला निघाले. जाताना म्हणाले, "केरू, कॉम्प्युटर दोन दिवस काहीतरी मागतोय. विचारेल त्याला हो म्हण. वाद घालू नकोस."

कॉम्प्युटरनं विचारलं, सिस्टीमची नवी आवृत्ती आलीय, घालू का? केरू म्हणाला, हो. वेळ लागेल, चालेल का? हो. सगळी जागा नवीला देऊ का? हो. सात वेळा विचारलं, सात वेळा हो. केरूनं वाद घातला नाही.

अप्पा आले. कॉम्प्युटर चालू केला. त्यानं जुनी की नवी विचारलंच नाही. सरळ नवी उघडली. जुनी कुठेच नव्हती. पत्रिकाही नव्हती.

"अरे, तुझंच लग्न होतं त्यात!" अप्पा खाली बसले.

दुरुस्तीवाले मुनीरभाई आले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "घाबरू नका. जुनं सगळं आत आहे. कुठे आहे याची नोंद तेवढी पुसली गेलीय. शोधून काढतो. पण तोवर एक अक्षरही नवीन लिहायचं नाही."

"नाही लिहिणार," केरू म्हणाला.

दुपारी पत्रिकांचा कागद घेऊन टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला, "इथं सही करा."

"नाही. एक अक्षरही लिहायचं नाही."

"लिहिता येत नाही का? मग अंगठा लावा."

"येतं की लिहायला! लिहायचं नाहीये."

ड्रायव्हरनं टेम्पो वळवला आणि कागद परत नेला.

अप्पांनी कपाळाला हात लावला. "केरू, मुनीरभाई कॉम्प्युटरबद्दल बोलत होते रे. आणि यापुढं कॉम्प्युटरनं काही विचारलं तर हो म्हणू नकोस. नाही म्हण."

मुनीरभाईंनी शोध सुरू केला. चार तास चालला. मुनीरभाई जेवायला गेले आणि तेवढ्यात कॉम्प्युटर म्हणाला, हरवलेला भाग सापडला, जागेवर ठेवू का?

केरू म्हणाला, नाही.

मुनीरभाई आले तेव्हा पडदा रिकामा होता. त्यांनी पाणी मागितलं, ते प्यायले आणि पुन्हा शोध लावला.

अप्पांचा आवाज आता अगदी हळू झाला होता. "केरू, बाळा, मला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस."

"बरं, अप्पा."

दुसऱ्या दिवशी भाग सापडला आणि मुनीरभाईंनी तो स्वतः जागेवर ठेवला. कॉम्प्युटर चालू करायला सांगून ते अंगणात हात धुवायला गेले. केरूनं चालू केला. पडद्यावर दोन नावं आली, नवी आणि जुनी. खाली आकडे उतरू लागले. दहा, नऊ, आठ.

केरू धावत सुटला. अप्पा न्हाव्याकडे होते, दोन गल्ल्या पलीकडे. एका गालाला साबण होता.

"अप्पा, जुनी की नवी?"

"जुनी!"

केरू परत आला, तर नवी उघडलेली. त्यानं बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा विचारलं. पुन्हा केरू धावला. तिसऱ्या वेळी अप्पा अर्धी दाढी घेऊन त्याच्या मागे आले.

मुनीरभाई हसून हसून ओले हात डोळ्यांना लावत होते. म्हणाले, "केरूभाऊ, दहा मोजेपर्यंत कुणी काही बोललं नाही, तर पहिलं जे असेल ते तो आपलं आपण धरतो. इथं पहिली नवी आहे."

"म्हणजे जागा सोडायची नाही," अप्पा म्हणाले. "समजलं?"

"समजलं."

जुनी उघडली. पत्रिका तिथंच होती, सत्तेचाळीस नावांसकट. कागद परत मागवला, पत्रिका छापल्या, मामांनी बोट ठेवून वाचल्या आणि मान हलवली.

केरूनं हे सगळं वैजंताला फोनवर सांगितलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "मग माझ्याशी लग्न करणार, की तेही अप्पांना विचारून?"

"विचारून सांगतो," केरू म्हणाला.

लग्नाचा दिवस आला. लग्न गावातले मास्तर लावायचे. त्यांची रीत अशी, की हार घालण्याआधी दोघांना विचारायचं आणि मग मांडवाला विचारायचं.

वैजंता हो म्हणाली. मास्तर केरूकडे वळले. "केरू, वैजंता तुला पसंत आहे?"

केरू बोलेना. अप्पांना विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं. जागा सोडायची नव्हती. आणि अप्पा तिकडं पंगतीच्या तयारीत, हातात जिलेबीची परात. मामांच्या भुवया वर गेल्या.

अप्पांनी तिथूनच हाक दिली, "अरे, विचारतील त्याला हो म्हण!"

"हो!" केरू म्हणाला.

मांडवाचा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी लोकांकडे पाहिलं. "या लग्नाला कुणाची काही हरकत आहे का?"

कुणीच बोललं नाही. मग केरू मोठ्यानं आणि अगदी स्पष्ट म्हणाला,

"हो."

मामा उठले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. तोवर अप्पा धावत पोचले होते. त्यांनी त्या तोंडात जिलेबी घातली.

वैजंतानं मान वर केली. "मास्तर, मी दहा मोजते. कुणी काही बोललं नाही, तर पहिलं उत्तर धरायचं."

ती सावकाश मोजू लागली. मामा जिलेबी चावत होते. केरू गप्प होता, कारण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"दहा," वैजंता म्हणाली आणि तिनं त्याच्या गळ्यात हार घातला.

केरूनं हळूच विचारलं, "झालं?"

"झालं. आता यापुढं अप्पांना नाही विचारायचं. मला विचारायचं."

"बरं," केरू म्हणाला. मग आपल्या हातातल्या हाराकडे पाहून त्यानं विचारलं, "हा घालू का?"