सारवलेला काठ

फार पूर्वी चंपकपुरात महिंसक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व माती खणणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला. नाव थावर. बायको भद्दा, एकुलती लेक रोहिणी आणि जावई सोण. चौघांचा संसार एका पालात. जिथे काम, तिथे पाल. थावर खणणाऱ्यांचा नाईक होता. नाईकपणाची काठी त्याच्या हाती असे आणि तो म्हणेल तशी कुदळ पडे.

त्या वर्षी राजानं तळ्यापासून नगरापर्यंत चर खणायला सांगितला. दोन पुरुष खोल. थावरची रीत ठरलेली. खोली छातीच्या वर गेली की भिंत उभी ठेवायची नाही, मागे उतरती घ्यायची. जागा नसेल तिथे दोन्ही अंगांना फळ्या लावून मध्ये वासे ठोकायचे. निघालेली माती काठावर कधी टाकायची नाही, चार हात लांब न्यायची. तो म्हणायचा, "धरणी आई आहे आपली. पण झोपेत आईसुद्धा कूस बदलते."

राणीला पौर्णिमेचं स्नान नव्या पाण्यानं करायचं होतं. पौर्णिमा आठ दिवसांवर आली, तेव्हा कारभारी इंददत्त काठावर येऊन उभा राहिला.

"थावर, चर खणतोस की गावाला बसायला पायऱ्या करतोस? एवढी रुंदी कशाला?"

"आत माणसं असतात, धनी."

"पौर्णिमेला पाणी आलं तर तुला सोन्याचं कडं. नाही जमत तर काठी दुसऱ्याची."

"मग काठी घ्या," असं म्हणून थावरनं ती खाली ठेवली.

इंददत्तानं ती सोणाच्या हातात दिली. सोण मनानं वाईट नव्हता. पण नाईक व्हायची हौस फार. त्यानं भिंती सरळ खाली नेल्या, माती काठावरच टाकायला लावली. काम भराभर सरकलं. थावर रागावला नाही. कालचा नाईक आज डोक्यावर पाटी घेऊन काठावरची माती जमेल तेवढी लांब नेत राहिला.

"मामा, बघा की," सोण खालून ओरडायचा, "तीन दिवस झाले, भिंत हलली का?"

"तीन दिवस उभी आहे, एवढंच कळलं," थावर म्हणायचा.

भद्दा रोज संध्याकाळी शेण कालवून आणायची आणि काठावरची उघडी जमीन सारवायची. बाया हसायच्या. "भद्दाबाई, चराला कोण पाहुणं यायचंय?"

"यायचं कुणी नाही," भद्दा म्हणायची. "कुणी जाऊ नये म्हणून सारवते."

चौथ्या सकाळी सारवण तडकलेलं होतं. थावरनं वाकून पाहिलं.

"सोणा, आज कुणाला उतरवू नकोस."

"उन्हानं तडकलं असेल, मामा."

"उन्हानं तडकतं ते जाळीसारखं. हे चराच्या बरोबरीनं एका रेघेत गेलंय. खालची जमीन सुटलीय."

इंददत्त घोड्यावरून म्हणाला, "आता शेण बघून राज्य चालवायचं का? उतरा सगळे!"

चरात उतरायला एका टोकाला उतार होता. थावर त्या उताराच्या तोंडाशी आडवा पडला. त्या लोकांत वडीलधाऱ्याला ओलांडत नसत. ओलांडलं तर त्याचं आयुष्य घटतं असं मानत. बारा जण कुदळी घेऊन आले आणि त्याच्यापाशी थांबले.

"मामा, उठा. लोक हसतायत."

"हसू देत. हसणारा माणूस जिवंत असतो."

"मान उडवीन!" इंददत्त गरजला.

"उडवा, धनी. धड इथंच राहील. ते तरी कोण ओलांडेल?"

सोणाचा चेहरा लाल झाला. रोहिणी सात महिन्यांची पोटुशी, पाटी टेकवून त्याच्याकडे बघत होती. तिच्यादेखत आपली शोभा झाली असं त्याला वाटलं. तो सासऱ्याला ओलांडून एकटाच खाली गेला. भिंत पक्की आहे हे दाखवायला त्यानं कुदळ उगारली, तोच भिंत आवाज न करता बसली. सोण छातीपर्यंत गाडला गेला.

बारा जण धावले. "थांबा!" थावर उठून ओरडला. उभ्या जन्मात तो इतक्या मोठ्यानं बोलला नव्हता. "एका भिंतीमागून दुसरी पडते. उडी माराल तर त्याच्याशेजारी गाडले जाल. आधी काठावरची माती मागे ओढा. आपल्या बैलगाड्यांच्या फळ्या काढा, वासे आणा."

फळ्या टेकल्या, वासे बसले, मग थावर स्वतः उतरला. कुदळ नको म्हणाला. हातांनीच माती काढू लागला. वरून दुसरा कडा सुटला तो फळ्यांवर येऊन थांबला.

सोण कसाबसा बोलला, "मामा, तुमचं आयुष्य कमी केलं मी."

"आधी पाय हलतो का बघ."

सूर्य डोक्यावर आला तेव्हा सोण बाहेर निघाला. वर येताच म्हणाला, "मामा, परत एकदा आडवे पडा." उलट ओलांडून परत आलं की दोष जातो, अशी त्यांची समजूत. थावर हसून आडवा पडला. रोहिणीच्या खांद्यावर हात टाकून सोणानं लंगडत त्याला उलट ओलांडलं, आणि काठी त्याच्या पायाशी ठेवली.

बातमी ऐकून राजा स्वतः आला. तडकलेलं सारवण त्यानं बोट फिरवून पाहिलं आणि हातातलं कडं काढलं.

"कडं नको, महाराज," थावर म्हणाला. "एक पौर्णिमा वाढवून द्या."

राजानं ती दिली. शिवाय दवंडी पिटवली, की छातीच्या वर खोल खणलेल्या जागेत नाईकानं सकाळी काठ पाहिल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, मग हुकूम राजाचा का असेना.

पुढे कित्येक जन्मांनी, विहाराचा पाया घाईनं खणणाऱ्या भिक्षूंना शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि म्हणाले, "तेव्हाचा सोण म्हणजे आत्ता पायाच्या कडेला पाय सोडून बसलेला हा तरुण भिक्षू. इंददत्त म्हणजे त्याला घाई लावणारा. राजा म्हणजे विहाराचा दाता, भद्दा म्हणजे तुम्हाला रोज पाणी देणारी उपासिका. आणि थावर मीच होतो." अपमान सोसला, पण माणसांच्या जिवाची राखण सोडली नाही, ती क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता.

आणि घराचं सांगायचं राहिलं. पुढच्या पौर्णिमेला चरातून पाणी आलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत रोहिणीला मुलगी झाली. राजानं त्या कुटुंबाला पाण्याकाठी जमीन दिली, सोणानं घर बांधलं, पाया खणला तो सासऱ्याला विचारून. जन्मभर पालात राहिलेल्या भद्दानं पहिल्यांदाच स्वतःच्या घराची जमीन सारवली. दुसऱ्या दिवशी उठून तिनं पाहिलं. कुठे एक रेघ नव्हती. मग तिनं नातीला त्या जमिनीवर निजवलं.