पैलवान आणि पहाडातली आजी

खूप जुनी गोष्ट आहे बरं का. पहाडांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची. एका राज्यात एक पैलवान होता. अंगात रेड्याचं बळ आणि नाकावर राग. "मी म्हणेन तसंच झालं पाहिजे," हे त्याचं पालुपद. त्याला कंटाळून धाकटा भाऊ घर सोडून गेला, तो थेट हिमशिखराच्या पायथ्याशी, मेंढपाळांच्या तळावर जाऊन राहिला.

तीन वर्षं गेली. पैलवानाला घर खायला उठलं. अशात निरोप आला, की येत्या पौर्णिमेला मेंढपाळ तळ उठवून खिंडीपलीकडे जाणार, ते कायमचे. पैलवान तडक निघाला.

पहाडातल्या शेवटच्या गावात वाट दाखवायला एक म्हातारी मिळाली. तिच्या लोकांची एक रीत होती. दिवसा उंच चढायचं, तिथल्या वाटसरूंनी रचलेल्या दगडांच्या ढिगावर आपला एक दगड ठेवायचा आणि झोपायला थोडं खाली यायचं. दुसऱ्या दिवशी तीच वाट तुडवून पुढे जायचं.

"चढलेलं पुन्हा उतरायचं? अहो आजी, पौर्णिमा सहा दिवसांवर आलीय!"

"बाळा, वरची हवा विरळ. अंगाला तिची सवय व्हावी लागते. पिळदार दंड पाहून ती काही भीत नाही."

"माझा दम तुम्ही पाहिला नाहीत अजून," असं म्हणून पैलवान हसला आणि एकटाच लांब ढांगा टाकत सुटला.

दुपारपर्यंत ऐट टिकली. मग डोकं असं ठणकू लागलं, की विचारू नका! पोटातलं सगळं उलटून पडलं. दहा पावलं टाकली की धाप लागे. शेवटी तो एवढा मोठा गडी दगडाला टेकून बसला आणि चक्क रडला. आता भाऊ काही दिसत नाही, हेच त्याच्या मनात होतं.

उन्हं कलताना म्हातारी आपल्या चालीनं तिथे पोचली. "ऊठ, खाली चल."

"खाली गेलो तर भाऊ जाईल हो माझा!"

"इथं बसलास तर तूच जाशील. मग त्याला भेटणार कोण?"

पैलवान उठला. जन्मात पहिल्यांदा त्यानं निमूटपणे दुसऱ्याचं ऐकलं. खाली निजल्यावर सकाळी डोक्याचा ठणका उतरला, भूकही कडकडून लागली. मग तो रोज चढला, दगड ठेवला, रोज उतरला. म्हातारी थांबली की थांबला, निघाली की निघाला.

पौर्णिमेच्या सकाळी ते तळावर पोचले. तंबू उतरले होते, मेंढ्या खिंडीकडे वळल्या होत्या. सगळ्यांच्या मागे धाकटा उभा होता. थोरल्याला येताना तो केव्हाचा बघत होता.

"दादा, तू? आणि चक्क कुणाच्या तरी मागे चालतोयस?"

"चुकलो रे मी," पैलवान म्हणाला. "हे आधी शिकलो असतो, तर तू गेलाच नसतास."

धाकट्यानं त्याला कडकडून मिठी मारली. मेंढ्या पलीकडे गेल्या, धाकटा राहिला. दोघं भाऊ पोटभर हसले, पोटभर जेवले आणि म्हातारीच्या मागोमाग घराच्या वाटेला लागले.

तेव्हा लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: वेळेवर पाऊल मागे घेणं ज्याला जमतं, तोच वर पोचतो.