सात थेंब आणि एक बेडूक

फार वर्षांपूर्वी सात तळ्यांनी मिळून एक संघ केला. बेडकांच्या तळ्याचा स्वतःचा झेंडा होता, त्यावर ऐटीत उडी मारणारा बेडूक. संघाच्या झेंड्यावर मात्र नुसते सात थेंब, कारण तोंड कुणाचं काढायचं यावर सात तळ्यांच्या म्हाताऱ्यांचं जमेना. संघगीताला तर शब्दच नव्हते.

आता बेडकांच्या तळ्याच्या काठावर दोन्ही झेंडे लावायचे होते. त्यातला वर कुठला, यावर तिथले म्हातारे तीन दिवस डरांव डरांव करत बसले. त्यांना दुसरं काम होतंच कुठे? इकडे बगळा रोज येऊन उथळ पाण्यातली पिल्लं टिपत होता. लव्हाळी नावाच्या बेडकीची अकरा गेली, नऊ उरली.

"आजोबा, बगळा आलाय!" ती ओरडली.

"थांब गं, आधी मानाचं ठरू दे," सरपंच गदाधर बेडूक खेकसले.

"तोवर माझी पिल्लं संपतील!"

लव्हाळीनं दोन्ही झेंडे ओढून नेले आणि पिल्लांवर पाण्यात पसरले. बगळ्याला खालचं काही दिसेना. तो चिडून उडून गेला.

गदाधर धापा टाकत आले आणि वाकून वाकून बघू लागले. लव्हाळीला वाटलं, पिल्लं मोजताहेत.

"ए पोरी," ते म्हणाले, "यातला वर कुठला आहे?"