राजाच्या पायरीवरची पालथी घागर

मानाजी सुभानजी ढमाले, वय वर्षे अडुसष्ट, हा एका राजाच्या वेशीवरचा जुना पहारेकरी. ही हकीकत इतकी प्राचीन आहे की त्या राज्याची सीमाही आज कोणास ठाऊक नाही. राजाची आज्ञा पाळण्यात मानाजीचा सारा जन्म गेला होता, आणि त्याचा त्यास अभिमान होता.

एका उन्हाळ्यात राजधानीत पटकीची साथ आली. राजवैद्यांच्या सल्ल्याने राजाने दवंडी पिटविली : ज्या घरात रोगी असेल, त्या घराच्या दाराला बाभळीचे काटे लावावेत, आतल्याने बाहेर येऊ नये, बाहेरच्याने आत जाऊ नये. मानाजीला ही आज्ञा योग्य वाटली. पुढे त्याच्या विधवा बहिणीच्या, कोंडाबाईच्या, दाराला काटे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या काट्यांपाशी गेला. आतून क्षीण आवाज आला, "दादा, रांजणाचा तळ लागला रे. घसा नुसता जळतोय. पण तू आत येऊ नकोस हां, तुझ्या घरी लेकरं आहेत."

मानाजीचा हात काट्यांकडे गेला आणि मागे आला.

शेजारचा लखोजी तेली म्हणाला, "म्हातारबा, बघत काय राहिलात? कोयता आहे माझ्याकडे. दोन घाव, की वाट मोकळी!"

"वाट मोकळी होईल, लखोजी. रोगालाही होईल."

"मग बसा राजाचा मान राखीत! बहीण गेली म्हणजे राजा येईल खांदा द्यायला."

मानाजी घरी गेला. त्याने घरची रिकामी घागर उचलली, राजवाड्याच्या पहिल्या पायरीवर पालथी ठेवली आणि दूर जाऊन उन्हात बसला. ते पाहून काट्यांआड माणसे असलेले इतरही आले. त्यांनी आपापल्या घागरी तशाच ठेवल्या आणि एकमेकांपासून अंतर राखून ते मुकाट्याने बसले. कोयता घरी ठेवून लखोजीही आला.

वाड्याचा हवालदार परमुलखातला होता. त्याला वाटले, हा अपशकुन आहे. "राजाच्या दारात पालथी घागर? धन्याचे मरण चिंतता काय रे?" असे ओरडून त्याने मानाजीच्या घागरीला लाथ मारली. लखोजीने दगड उचलला.

"खाली ठेव तो," मानाजी म्हणाला. "आपल्याला पाणी हवे आहे, कुणाचे डोके नको."

गलबला ऐकून राजा बाहेर आला. मानाजीने मुजरा केला.

"महाराज, आमच्या आळीत एक रीत आहे. घरात पाणी नसले, की शेजाऱ्याच्या पायरीवर घागर पालथी ठेवावी. शेजारी काही न विचारता ती भरून देतो. आपण दारांना काटे लावलेत. त्या घरांना आता शेजार उरला तो आपलाच."

राजवैद्य पुढे झाले. "काटे काढले, तर साथ गावभर पसरेल. ते मी होऊ देणार नाही."

"बरोबर बोललात, वैद्यराज. काटे काढा असे मी म्हणतच नाही. माझीही नातवंडे याच गावात आहेत. काट्यांनी रोग अडवावा, पाणी अडवू नये, एवढेच म्हणणे आहे."

वैद्य राजाकडे वळले. मग म्हणाले, "महाराज, रोगाचा विचार मी केला. तहानेचा करावयाचा राहून गेला."

वैद्यांनीच तोड काढली. चिरलेल्या बांबूची लांब पन्हळ काट्यांवरून आत सोडावयाची आणि उकळून निवविलेले पाणी बाहेरूनच ओतावयाचे. कोणी कोणास शिवावयाचे नाही. दुपारच्या आत कोंडाबाईच्या दारी पन्हळ लागली. आत घोट घेतल्याचा आवाज झाला, आणि मग, "दादा, गार आहे रे," एवढेच शब्द आले. मानाजीने तोंड फिरवून डोळे पुसले.

पलीकडच्या एका घरातून मात्र हाकेला ओ आली नाही. पाहणीस आलेला राजा त्या दारासमोर बराच वेळ उभा होता.

साथ ओसरेपर्यंत एकाही दाराचे काटे कोणी तोडले नाहीत. कोंडाबाई बरी झाली. त्यानंतर त्या राज्यात दवंडीवाला दवंडी पिटून लगेच पुढे जात नसे, डफ खाली ठेवून तो विचारी, "कोणास काही सांगावयाचे आहे काय?" आणि लोक जे सांगत, ते राजाच्या कानावर घालणे त्याच्यावर बंधनकारक झाले.

तात्पर्य : सर्वांच्या हिताची आज्ञा पाळावी, आणि तिच्यात उणीव दिसल्यास ती संयमाने पण निर्भयपणे सांगावी; तसेच आज्ञा देणाऱ्याने ती उणीव ऐकून घ्यावी.