तकियावरची सशीण

“आणि शिकवण? ती केव्हा सुरू होणार, बाबा?”

गुलाबशहा फकीर बादलीत गोणपाट बुडवत होता.

शाल्मलीला वाटलं होतं, पूर्णेकाठच्या या तकियावर, फकिराच्या या ठाण्यावर, दाट सावली असेल, पांढऱ्या दाढीचा एक शांत पुरुष असेल, आणि तो बोलेल. परदेशात शिकत असताना, बर्फाने पांढऱ्या झालेल्या खिडकीशी बसून, तिने हे चित्र कितीदा रंगवलं होतं. परत जायचं. अशा कुणाच्या पायाशी बसून आधी करुणा शिकायची. मग गावोगाव कामाला लागायचं.

सापडलं ते निराळंच. एक कडुनिंब, तापलेलं पत्र्याचं छप्पर, चौकड्याची लुंगी नेसलेला एक टकला म्हातारा. आणि त्याच्या जाळीच्या खुराड्यात नुकतीच व्यालेली पांढरी सशीण.

जत्रेत पोरांच्या हट्टापायी घेतलेले ससे उन्हाळा लागला की लोक तकियावर आणून सोडत. ही त्यांतलीच एक. खुराड्याच्या कोपऱ्यात संत्र्यांचं लाकडी खोकं होतं. त्यात स्वतःच्या पोटाचे केस उपटून तिने गादी केली होती, आणि गादीत पाच पिल्लं. उघडी, आंधळी, अंगठ्याएवढी.

“हे घे,” गुलाबशहाने निथळतं गोणपाट तिच्या हातात दिलं. “वैशाख हाये. आईला आन पिल्लांना सांभाळ. शिकवणीचं मंग पाहू.”

शाल्मली आतून हसली. परीक्षा आहे तर! ठीक.

ती मन लावून कामाला लागली. खुराड्याच्या छपरावर ओली गोणपाटं टाकली. भिजवलेली कौलं सशिणीजवळ मांडली. ती त्यांना पोट टेकून पसरली. पिल्लं धापा टाकताहेत असं दिसल्यावर शाल्मलीने गादीतले थोडे केस काढून घेतले. हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि जे ठाऊक होतं ते बरोबरही होतं.

“आई आत जातच नाही, बाबा.”

“हं.”

“तशी ती दिवसातून एकदाच पाजते. फार तर दोनदा. उजाडताना नाहीतर अंधार पडताना. एरवी लांबच राहते.”

“तुला माहीत हाये हे?”

“हो.”

“मंग काहून उठवते तिला?”

शाल्मलीने हातातल्या सशिणीकडे पाहिलं. सकाळपासून तिने तिला कितीदा उचलून खोक्यापाशी नेलं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“भीती वाटते,” ती म्हणाली. “पोटं पाहा ना त्यांची. सुरकुतलीत. काल अंधारताना मी आले, तेव्हाही पाजलं नाही तिने, आज सकाळीही नाही. असंच राहिलं तर मरतील.”

“हाव. मरतील.”

एवढंच बोलून गुलाबशहा पाणी आणायला गेला.

ऊन चढलं. पत्रा तडतडू लागला. शाल्मलीने पुन्हा खोक्यात डोकावलं, पुन्हा एकेका पिल्लाला बोट लावून पाहिलं. सशीण कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, डोळे ताणून.

शाल्मलीला राहवलं नाही. तिने तिला उचललं, पिल्लांवर ठेवलं आणि वरून हाताने दाबून धरलं.

“पाज गं... पाज ना, बाई.”

सशिणीने मागचे पाय जोरात झाडले. खोक्यातून एक बारीक चीत्कार आला... आणि थांबला.

गुलाबशहा पाणी घेऊन परत आला तेव्हा शाल्मलीच्या ओंजळीत एक पिल्लू होतं. हलत नव्हतं.

त्याने घागर खाली ठेवली. खुरपं घेतलं. कडुनिंबाखाली वीतभर माती उकरली आणि हात पुढे केला. शाल्मलीने पिल्लू त्या हातावर ठेवलं.

माती सारखी करून झाल्यावर ती म्हणाली, “मी मायेनंच केलं, बाबा.”

“हाव,” तो म्हणाला. “मायेनंच.”

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. रागावला असता तर बरं झालं असतं. तो लुंगीला हात पुसत गोणपाटं भिजवायला गेला.

त्यानंतर ती खुराड्याकडे गेली नाही. दुपारी तिने पाण्याचा घोटही घेतला नाही.

उन्हं कलल्यावर शेजारच्या वस्तीतली सायराबी भाकरी घेऊन आली. रोजचीच तिची फेरी.

“ही का ती फॉरेनवाली? जेवली का?”

“नाही,” गुलाबशहा म्हणाला.

“सशीणबी पाजत नाही म्हंते ना? इकडं ही उपाशी, तिकडं पिल्लं उपाशी. बरी जोडी जमवली बाबा तुम्ही!”

गुलाबशहाने शाल्मलीपुढे ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, फोडलेला कांदा. सायराबी तिच्यासमोरच मांडी घालून बसली.

“खाय ना, माय. तोड भाकरी... हाव, अशी. टाक तोंडात. आता चाव. अवो, रडते काहून? तिखट झाली का भाजी? पाणी पे. पेली? आता अजून एक घास घे. मी पाहते तू कशी खात नाही ते!”

शाल्मलीचा घास तोंडातच फिरत राहिला. मान वर करवेना, खाली घालवेना.

“सायराबी,” गुलाबशहा हळूच म्हणाला. “पाहुणी हाये.”

सायराबीने जीभ चावली. “या अल्ला! विसरलीच की मी.”

दोघंही उठली आणि तिच्याकडे पाठ करून नदीकडे तोंड करून बसली. तकियाची ही जुनी रीत होती. भाकरी वाढली की वाढणाऱ्याने पाठ फिरवायची आणि पाहुणा हात धुईपर्यंत मागे वळायचं नाही. उपाशी आलेला माणूस कसा खातो, ते इथे कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

“बकरीचं काय झालं तुझ्या?” गुलाबशहाने विचारलं.

“काय व्हायचंय? वाळत घातलेला दुपट्टा खाल्ला मेलीनं. नवा होता, बाबा! अर्धा खाल्ला अन् अर्धा पायाखाली घेऊन बसली, बेगमवाणी.”

“रंग कोणता होता?”

“हिरवा.”

“मंग तिचा काय दोष?”

सायराबी खो खो हसली. बकरीचं पुराण रंगत गेलं.

शाल्मलीने एक घास घेतला. मग दुसरा. डोळ्यांतलं पाणी भाजीत पडत होतं. तिने ते पुसलं नाही. पुसायची गरजच नव्हती. ती रडत रडत अख्खी भाकरी जेवली, बोटं चाटली, आणि मग हात धुतले.

पाण्याचा आवाज आल्यावर दोघंही वळली. ताटाकडे कुणी पाहिलं नाही.

...

पहाटेच्या पहिल्या उजेडात तिला जाग आली. वारा पडला होता. खुराड्यात सशीण उठून बसली होती. तिने एकदा शाल्मलीच्या बाजेकडे पाहिलं, एकदा खोक्याकडे, आणि तिथेच थांबली.

शाल्मली उठून बसली. आज पाजलं नाही तर उरलेलीही जातील. तिने पाय खाली टाकले. दोन पावलांवर खुराडं. एकदाच... फक्त एकदाच पाहून यावं.

ती तशीच बसून राहिली, पायांचे अंगठे मातीत रोवून.

मग तिने ठरवलं. संध्याकाळी गारवा आला की एकदा पोटं पाहायची. तोवर खोक्यात डोकावायचं नाही, हात लावायचा नाही, सशिणीला उचलायचं नाही. तिने आवाज न करता बाज फिरवली आणि खुराड्याकडे पाठ करून बसली.

समोर नदीचं कोरडं पात्र उजळत होतं. त्याच्याकडे तोंड करून गुलाबशहा लोट्यातल्या पाण्याने चूळ भरत होता.

मागे गवत खसखसलं. लाकडावर नखं घासल्याचा आवाज आला... मग काहीच नाही.

तिची मान वळायला आली. तिने दोन्ही हातांनी बाजेची दोरी घट्ट धरली.

“बाबा,” तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं, “पाजतेय का हो ती?”

गुलाबशहाने चूळ टाकली.

“मला काय माहीत, माय? माझीबी पाठच हाये तिकडं.”