लहानूच्या गाडीचा पिकअप

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात लहानू नावाचा एक भोळा जावई राहत होता. आता जावई का म्हणायचं? तर त्याच्या गावात त्याला कुणी काहीही म्हणो, घाटावरच्या उंबरमाळ गावाचा तो जावई होता, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

लहानू आळशी नव्हता. खोटारडाही नव्हता. सांगितलेलं नीट ऐकायचा, आणि हीच मोठी अडचण होती. एकदा ऐकलेलं तो जन्मात विसरत नसे. फक्त ते कुठं वापरायचं, एवढं त्याला कळत नसे.

लहानूकडे एक छोटी एसयूव्ही होती. कुणाची तरी वापरलेली घेतली होती. दिसायला रुबाबदार, उंच, टपोऱ्या दिव्यांची. पुढून बघितलं तर आता डोंगर फोडून पलीकडं जाईल असं वाटायचं. पण घाटाचं पहिलं वळण आलं की ती धापा टाकायची, दुसऱ्या वळणाला काळा धूर सोडायची आणि तिसऱ्याला बसायची. लहानूची बायको रेणुका पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हाही गाडी तिसऱ्या वळणाला बसली ती बसलीच. मागून शेणखताची ट्रॉली येत होती. रेणुका त्या ट्रॉलीत बसून माहेरी पोचली, लहानूही तिच्याबरोबर. तिचे वडील तात्या दारातच उभे होते. त्यांनी लेकीच्या साडीकडे बघितलं, मग जावयाकडे बघितलं.

पुढं मुलगा झाला. बारशाला लहानू एसटीनं गेला. जेवणं झाली, सुपारी कातरता कातरता तात्या म्हणाले, "जावईबापू, लेक आणि नातू न्यायला याल तेव्हा गाडी घेऊन या. गाडी घाटात थांबता कामा नये. धूर सोडता कामा नये. आणि कुणी ढकलता कामा नये. अशी दारात आली तर दोघांना घेऊन जा."

"एसटीनं नेतो की," लहानू म्हणाला.

"एसटीनं पाठवायची असती तर एसटीवाल्यालाच दिली असती मुलगी."

हे लहानूला पटलं. त्याला बहुतेक सगळंच पटायचं. पण त्या दिवशी निघताना पोरानं त्याचं बोट मुठीत धरलं आणि सोडेना. गाडी चढवायचीच, असं त्यानं ठरवून टाकलं.

गावच्या नाक्यावर कचरू मिस्त्रीचं गॅरेज होतं. मिस्त्रीचा हात चांगला होता आणि स्वभावही चांगला होता, निदान तोपर्यंत तरी.

"मिस्त्री, गाडीचा पिकअप वाढवायचाय," लहानू म्हणाला. "बायको आणि पोरगं वर अडकलंय."

मिस्त्रीनं गाडी खोलली. इंजेक्टर साफ केले, हवेचा फिल्टर काढला, झटकला. त्यातून एवढी धूळ निघाली की शेजारचा चहावाला शिव्या देत बाहेर आला.

"हे बघ," मिस्त्री म्हणाला, "इंजिनाला हवा भरपूर लागते. हवा अडली की गाडी बसली. ट्यूनिंग मी केलंय, हवा अडणार नाही तेवढं तू बघ."

"हां, आता कळलं," लहानू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बॉनेट उघडलं, वर करून दोरीनं बांधलं आणि गाडी काढली. इंजिनाला हवा भरपूर मिळाली. लहानूला मात्र पुढचं काही दिसेना. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर समोरून म्हैस. म्हशीला वाचवलं आणि गाडी पाटलांच्या कडब्याच्या गंजीत घातली. पाटील जे काही बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, बॉनेट गाडी उभी असताना उघडायचं. चालताना सगळं घट्ट बंद पाहिजे. उघडं काही ठेवायचं नाही."

"हां, आता कळलं."

त्या दिवशी रेणुकाचा फोन आला. "अहो, बाळानं मान धरली. येताय ना?"

"येतो," लहानू म्हणाला. "आता सगळं घट्ट बंद करून येतो."

निघायच्या आधी तो गाडीभोवती फिरला. दारं बंद होती, काचा बंद होत्या, बॉनेट बंद होतं. मागं येऊन बघतो तर सायलेन्सरची नळी उघडी. बरं झालं बघितलं, असं लहानूच्या मनात आलं. त्यानं घरातून मक्याचं एक जाडजूड कणीस आणलं, चिंधी गुंडाळली आणि नळीत ठोकून बसवलं.

गाडी देवळापर्यंत गेली. मग गुदमरली, थरथरली, आणि कणीस जे सुटलं ते थेट देवळाच्या घंटेवर. घंटा वाजली म्हणून गुरव आरतीचं ताट घेऊन बाहेर आला. दोन म्हाताऱ्या टाळ्या वाजवायला लागल्या. लहानूनंही खाली उतरून हात जोडले, आरती घेतली आणि गाडी ढकलत गॅरेजवर नेली.

"इंजिनात जे गेलं ते बाहेर पडायला नको का?" मिस्त्री म्हणाला. "खाली-मागं जी वाट आहे ती मोकळीच ठेवायची. तिथं कधी बूच मारायचं नाही. कळलं?"

"हां, आता कळलं."

फोनवर रेणुका म्हणाली, "पोरगं पालथं पडायला लागलं. तुम्ही कुठवर आलात?"

"निघालोच," लहानू म्हणाला, आणि गाडीखाली शिरला. खाली कुठं बूच राहिलंय का ते तो टॉर्च लावून शोधत होता. रेडिएटरच्या तळाला एक सापडलं. बरोबर ज्या वाटेनं बाहेर पडायचं त्याच वाटेवर कुणीतरी बसवलेलं. लहानूनं ते फिरवून काढलं आणि भिरकावून दिलं. पाणी गळायला लागलं. बाहेर पडतंय म्हणजे वाट मोकळी झाली, असं म्हणून तो खुशीत निघाला.

पहिल्या वळणावर गाडीतून इतकी वाफ निघाली की वरून येणाऱ्या टेम्पोवाल्याला धुकं पडलंय असं वाटलं. त्यानं दिवे लावले.

या वेळी मिस्त्री स्वतः घाटात गेला. गाडी ट्रॅक्टरला बांधून खाली आणली. लहानूला समोर बसवलं आणि लहान पोराला समजावतात तसं हळूहळू सांगितलं, "नीट ऐक. पाणी संपलं की इंजिन तापतं. तापलं की जळतं. जळलं की तुझी बायको जन्मभर माहेरी. म्हणून इंजिनाला पाणी कमी पडू द्यायचं नाही. इंजिन पाण्यानं गार ठेवायचं. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, एवढं एक लक्षात ठेव."

लहानूला 'जन्मभर माहेरी' ऐकून घाम फुटला. "हां," तो म्हणाला, "आता कळलं." आणि हे त्यानं असं मनावर घेतलं की झोपेतसुद्धा पाणी, पाणी म्हणायला लागला. त्याची आई बिचारी उशाशी तांब्या ठेवत राहिली.

नवं बूच बसलं, रेडिएटर भरला. आता जायला हरकत नव्हती. पण लहानूनं गाडी चालू केली तर समोरचा काटा पार खाली. काटा खाली म्हणजे काहीतरी कमी पडलंय, एवढं त्याला कळत होतं. आणि काय कमी पडू द्यायचं नाही, तेही ताजं होतं. त्यानं डिझेलच्या टाकीत तीन कळशा पाणी ओतलं. काटा वर आला. लहानू खूश झाला. गाडी मात्र दारातून हलली नाही.

कचरू मिस्त्रीनं पुटपुटत ती टाकी रिकामी केली. टाकी उतरवली, नळ्या फुंकल्या, इंजेक्टर पुन्हा काढून पुसले, सगळं पुन्हा ट्यून केलं. पण माणूस जिद्दीचा. काम संपलं तेव्हा इंजिन असं गुरगुरत होतं की रस्त्यानं जाणारे थांबून ऐकत होते.

"यापेक्षा चांगलं इंजिन मी कधी केलं नाही," मिस्त्री म्हणाला. "आता एकच कर. गाडीतलं वजन कमी कर. घाटाला जास्तीचा भार नको. जेवढी हलकी, तेवढी चढेल."

"हां, आता कळलं." दोन पावलं जाऊन लहानू परत फिरला. "मिस्त्री, गाडीत सगळ्यात जड काय असतं?"

मिस्त्री एका ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होता. तिथूनच म्हणाला, "इंजिन. दुसरं काय असणार?"

त्या दिवशी रेणुकानं फोनवर एवढंच सांगितलं, "पोरगं रांगतंय. अजून थोडं थांबलात तर चालतच खाली येईल."

लहानू घरी गेला आणि कामाला लागला. स्टेपनी काढली, जॅक काढला, मागची सीट काढली, पायपुसणी काढली. समोरचा छोटा गणपती तेवढा ठेवला, देवाचं काय वजन. मग त्यानं गाडी विहिरीजवळ नेली. विहिरीचं खोदकाम नुकतंच झालं होतं, पाणी भरपूर लागलं होतं, आणि खालचे दगड वर ओढायची यारी अजून काठावरच उभी होती. तिथं लहानूनं दिवसभर खटपट केली. काय खटपट केली ते पुढं येईलच. मग त्यानं सासऱ्यांना फोन केला, "तात्या, उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तात्या ओट्यावर येऊन बसले. रेणुका पोराला कडेवर घेऊन उभी राहिली. तिची बोचकी आठवड्यापासून बांधलेलीच होती. शेजारपाजारचेही जमले, कारण लहानूची गाडी बघायला कुणाला आवडत नसे?

सगळे घाटाकडं कान लावून बसले. पहिल्या वळणावर झाडीवरून टपापुरती गाडी दिसली. धापा नाहीत. दुसऱ्या वळणावर दिसली. धूर नाही. तिसरं वळण आलं तेव्हा रेणुकानं डोळेच मिटून घेतले. गाडी बसली नाही. संथपणे, एका चालीनं वर येत होती.

"कमाल आहे," तात्या म्हणाले. "आवाजसुद्धा नाही."

मग आवाज आला. घुंगरांचा.

झाडीतून आधी लहानूचे दोन बैल आले, तांबड्या आणि बांड्या. त्यांच्या मागं जू, जुवाला दोरखंड, आणि दोरखंडाला गाडी. आत लहानू स्टेअरिंग धरून बसला होता. कासरा खिडकीतून आत घेतला होता. दारात येऊन त्यानं हॉर्न वाजवला.

तात्या उठले. गाडीभोवती फिरले. बॉनेट उघडायला लावलं. आत बघितलं तर खालची जमीन दिसत होती.

"जावईबापू, इंजिन?"

"घरी ठेवलं. मिस्त्री म्हणाला, घाटाला जास्तीचा भार नको. सगळ्यात जड तेच होतं." मग तो अदबीनं म्हणाला, "तात्या, गाडी कुठं थांबली नाही. धूर सोडला नाही. आणि कुणी ढकलली नाही."

तात्यांनी तिन्ही अटी बोटांवर मोजल्या. विचार केला. जे सांगितलं होतं त्यातलं काहीच मोडलेलं नव्हतं. त्यांनी बॉनेट बंद केलं.

रेणुका आधी हसली, मग तिला रडू आलं, मग पुन्हा हसली. लहानूनं बोट पुढं केलं आणि पोरानं ते पुन्हा मुठीत धरलं.

"तात्या, मी निघते," ती म्हणाली. "आज नाही गेले तर पुढच्या वेळी हे गाडीही घरीच ठेवून येतील."

मग भराभर सामान चढलं. पाळणा, दुपटी, डिंकाच्या लाडवांचा डबा. मागं सीट नव्हती, म्हणून पाळणा छान बसला. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाईल, हे रेणुकाच्या लक्षात आलं. तिनं बैल पुढून सोडून मागं बांधायला लावले. चढताना ओढणारे बैल उतरताना गाडी मागं खेचत आले. इंजिनाचा आवाज नाही, हादरे नाहीत. पोरगं घाटभर झोपलं.

"इंजिन नीट ठेवलंय ना?" रेणुकानं वाटेत एकदा विचारलं.

"एकदम नीट. मिस्त्रीनं सांगितलं होतं तसं."

नीट म्हणजे कसं, हे तिनं विचारायला हवं होतं. पण पाळण्याची दोरी सैल झाली आणि ते राहून गेलं.

घरी लहानूची आई दारात तयार होती. तिनं सुनेवरून आणि नातवावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, डोळे पुसले. बातमी कळून कचरू मिस्त्रीही धावत आला. गाडीपुढं जुंपायचे बैल मागं बघून तो जरा थबकला. पण रेणुका घरी आली, पोरगं आलं, म्हणून त्याला मनापासून बरं वाटलं.

"जाऊ दे रे लहानू," तो म्हणाला. "झालं ते झालं. आण ते इंजिन, आत्ताच्या आत्ता बसवून देतो. ते इंजिन बसलं की तुझी गाडी घाट काय, भिंतसुद्धा चढेल. कुठं ठेवलंयस?"

"या, दाखवतो," लहानू म्हणाला.

तो मिस्त्रीला मळ्यात घेऊन गेला. विहिरीवर यारी उभी होती. तिची साखळी सरळ खाली पाण्यात गेली होती. लहानूनं यारी फिरवायला घेतली. साखळी वर आली, आणि आली, आणि आली. मग पाण्यातून इंजिन वर आलं. वरून, खालून, सगळ्या भोकांतून पाणी गळत होतं. त्यावर बसलेला एक बेडूक उडी मारून परत खाली गेला.

"बाकी सगळं विसरलो असेन, मिस्त्री," लहानू म्हणाला, "पण तुमचं ते एक नाही विसरलो. पाणी जरासुद्धा कमी पडू दिलं नाही. हात लावून बघा."

मिस्त्रीनं हात लावून बघितलं. इंजिन गार होतं.

मिस्त्री विहिरीच्या काठावर बसला.

"हां," तो म्हणाला, "आता कळलं."